रेडिओ लागतील हो, पण सांभाळणार कोण?

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार 🙏 सोसायटीच्या स्वतःच्या वायरलेस नेटवर्कचा विषय कमिटीत निघाला. टेरेसवर रेडिओ (वायफायसारखा सिग्नल पाठवणारी-घेणारी यंत्रं) लावून तिन्ही बिल्डिंग जोडायच्या, एक मोठं कनेक्शन घ्यायचं आणि सगळ्यांनी वापरायचं. मतं सांगा. फॉरवर्ड नकोत प्लीज

ए-३०२: एजन्सीला देऊन टाका, आपण कशाला डोकं लावायचं

सी-५०४: काका ते लावून देतील, पुढचं कोण बघणार? पावसात बंद पडलं की फोन करायचा, "माणूस पाठवतो" ऐकायचं, मग तो चार दिवसांनी येणार, केबल काढून परत खोचणार आणि जाणार. माझं म्हणणं एवढंच की रेडिओ घ्यायच्या आधी माणसं तयार करा

बी-१०१: पण जमेल का आपल्याला? इथे बल्ब बदलायला पण इलेक्ट्रिशियन बोलावतात 😂

सी-५०४: जमतं ताई. स्पेनमध्ये कॅटलोनियात २००४ ला ग्वीफी.नेट असंच खेड्यापाड्यातल्या लोकांनी सुरू केलं, आज तीस हजारांच्या वर नोड, म्हणजे जोडलेली ठिकाणं आहेत. अमेरिकेत डेट्रॉइटला २०१२ पासून वस्तीतल्याच लोकांना शिकवून 'डिजिटल स्टुअर्ड', म्हणजे नेटवर्क सांभाळणारी माणसं करायला लागले, तेच मग न्यूयॉर्कच्या रेड हुक भागाने उचललं. तिथे सँडी वादळ आलं तेव्हा आधी लावलेलं छोटंसं मेश, म्हणजे एकमेकांना सिग्नल पुढे देणाऱ्या रेडिओंचं जाळं, चालू राहिलं होतं, त्यावरून लोकांना कळलं की हे आपल्या हातात असायला हवं

ए-३०२: बरं पण शिकवणार काय नक्की, लेक्चर?

सी-५०४: लेक्चर नाहीच. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात क्रिंपर (केबलला प्लग दाबून बसवायची पक्कड) आणि केबलचा तुकडा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, या क्रमाने आठही तारा सरळ करून प्लगमध्ये घालायच्या, आणि मुख्य म्हणजे केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलं पाहिजे, ते बाहेर राहिलं तर नुसत्या तारांवर ताण येतो, वाऱ्याने केबल हलत राहते आणि कनेक्शन कधी आहे कधी नाही असं होतं, सगळे राउटरला शिव्या देत बसतात. मग टेस्टर लावायचा. दोन-चार प्लग फुकट जातात, जाऊ देत

बी-१०१: हे तर मी पण करेन 😊

बी-४०३: मेश मेश म्हणताय पण स्पीड पडतो ना त्यात

सी-५०४: दादा बरोबर. एकाच रेडिओने घेणं आणि पुढे देणं दोन्ही केलं तर एका रेडिओवरून दुसऱ्यावर जायच्या प्रत्येक उडीला स्पीड साधारण निम्मा होतो. म्हणून बिल्डिंग टू बिल्डिंग वेगळे ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ समोरासमोर, मध्ये पाण्याची टाकी किंवा झाड नको. बिल्डिंगच्या आत केबल, एक तुकडा १०० मीटरच्या आत. घरातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला चॅनल १, ६ नाहीतर ११, सगळ्यांनी एकच धरला तर गोंधळ. आणि इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) बघून लावायचा, २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ चा पॅसिव्ह, म्हणजे न तपासता थेट वीज सोडणारा, दिला की गेला तो रेडिओ

ए-३०२: शिकलेली मुलं उद्या नोकरीला बाहेरगावी गेली की?

सी-५०४: हाच खरा मुद्दा काका! एक हुशार पोरगा पकडायचा आणि सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात, हे नको. प्रत्येक बिल्डिंगमधून दोघं, त्यात एक तरी दिवसभर घरी असणारं, रिटायर्ड लोक उत्तम. कुठला रेडिओ कुठे, कोणती केबल कुठून आली ते लेबल लावून वहीत, सेटिंगचा बॅकअप, पासवर्ड सीलबंद पाकिटात ऑफिसला. आणि शेवटी परीक्षा म्हणून शिकवणाऱ्याने गुपचूप एक केबल काढून ठेवायची, शोधू दे त्यांना

बी-१०१: एक विचारू का, मग हे लोक आमचं काय काय बघतोय ते बघू शकतील?

सी-५०४: कुठलं डिव्हाइस किती डेटा वापरतंय ते दिसतं. बहुतेक साइटवर आतला मजकूर एन्क्रिप्टेड असतो तो दिसत नाही, पण साइटचं नाव कळू शकतं. त्यामुळे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे आधी लिहून घ्यायचं

बी-४०३: हे सभेत मंजूर झाल्याशिवाय मी तरी जोडणार नाही

सेक्रेटरी: रास्त आहे. अजेंड्यावर घेतो. कनेक्शन पुढे वाटायची कंपनीची लेखी परवानगी पण मागवतो, ती आल्याशिवाय खरेदी नाही. शिकायला कोण कोण, नावं टाका

बी-१०१: मी 🙋‍♀️ लेक नववीत आहे, तिला चालेल?

सी-५०४: क्रिंपिंग, सेटिंग सगळं चालेल ताई, टेरेसच्या कठड्याजवळ आणि शिडीवर फक्त मोठी माणसं, तेही पट्टा लावून

ए-३०२: माझं पण नाव घ्या