सीपीआर चालू आणि कॅप्नोची रेघ सपाट, ट्यूब काढायची का?

घणसोली_रात्रपाळी
एका छोट्या रुग्णालयात आरएमओ (निवासी डॉक्टर) आहे. परवा पहाटे रबाळे एमआयडीसीतून एक कामगार आला, नाडी नव्हती. सीपीआर सुरू केला, श्वासनलिकेत ट्यूब मीच टाकली. स्टेथोस्कोप लावून दोन्हीकडे ऐकलं, हवा जातेय असं वाटलं. ओटीतून कॅप्नोचा मॉनिटर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा) ओढत आणला, ट्यूबला त्याची लाइन जोडली, तर रेघ सपाट. ब्रदर म्हणाला, "डॉक्टर, हृदयच बंद आहे, कार्बन डायऑक्साइड येणार कुठून?" मला पटलं. दोन मिनिटं तशीच गेली, मग पोट फुगलेलं दिसलं. ट्यूब काढून मास्कने श्वास देऊ लागलो. दुसऱ्यांदा टाकल्यावर बुटकी टेकाडं उठली, आकडा 14 mmHg. पेशंट वाचला नाही. सिनियर म्हणतात, तसाही वाचला नसता. असेलही. पण ब्रदरचं बरोबर होतं का?

ठाण्याचा_भूलवाला
नाही. मीही रेसिडेन्सीत हेच ऐकलं होतं, त्याला एकट्याला दोष देऊ नकोस. छाती दाबताय म्हणजे थोडं तरी रक्त फुफ्फुसांतून फिरतंय. नीट दाबलं की साधारण 10 ते 20 येतो. रेघ बुटकी असते, पण असते. सपाट म्हणजे ट्यूब अन्ननलिकेत, असंच धरून चाल. पोटातली गुडगुड छातीवर श्वासासारखी ऐकू येते, त्या गोंधळात तर हमखास.
उलटही फसगत होते. मास्कने पोटात गेलेला वायू पहिले काही श्वास टेकाडं दाखवतो आणि विरतो. म्हणून निदान 7 श्वास सलग बघ, टोक तळापासून 7.5 तरी वर हवं. पुढे आकडा अचानक 35-40 वर चढून टिकला, तर नाडी आली असेल.

नेरूळ_ओटी_टेक्निशियन
सर, लाइनमध्ये पाणी अडकलं, वॉटर ट्रॅप (पाणी साठायची डबी) भरला, तरी सपाटच येते. मी ड्युटीवर आलो की नव्या लाइनमध्ये स्वतः फुंकतो. रेघ उठली की मशीन ठीक.

घणसोली_रात्रपाळी
म्हणजे सपाट दिसली की आधी फुंकायचं?

ठाण्याचा_भूलवाला
अरे नाही! फुंकणं ड्युटीच्या सुरुवातीला. पेशंटसमोर लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) घाल, ट्यूब स्वरतंतूंमधून जाताना स्वच्छ दिसली नाही तर काढ. लाइनची झटापट नंतर.

घणसोली_रात्रपाळी
कळलं सर. मॉनिटर यापुढे कॅज्युअल्टीतच राहू दे, असं ओटीच्या सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, लेखी द्या.