मदत हवी आहे : 8879 किलोहर्ट्झवरील विमानसंवाद कोणत्या केंद्राशी?

रत्नागिरीत गच्चीवर सुमारे दहा मीटर तार बांधून मी रेडिओवर लघुलहरी (शॉर्टवेव्ह) ऐकतो. गेल्या तीन रात्री 12:30 ते 1:15 या वेळेत 8879 किलोहर्ट्झवर, अप्पर साइडबँडमध्ये (वाहक लहरीच्या वरच्या बाजूचाच भाग पाठवण्याची पद्धत), वैमानिकाचा आवाज स्वच्छ येतो: स्थान, वेळ, उंची आणि हवाई मार्गावरील पुढच्या बिंदूचे पाच अक्षरी नाव. जमिनीवरील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राचे उत्तर मात्र खरखरीत बुडते. ही वारंवारता मुंबईसह हिंदी महासागरातील इतरही केंद्रे वापरत असल्यामुळे नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही.

6676 वरचे मुंबईचे हवामान प्रसारण दर तासाच्या 25 व्या आणि 55 व्या मिनिटाला नीट लागते, म्हणजे ट्यूनिंगमध्ये चूक नसावी. विमाने दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्या वेळी भर समुद्रात काहीच दिसत नाही, कारण किनाऱ्यावरचे रिसीव्हर तिथवर पोहोचत नाहीत. एकदा सेलकॉलचे, म्हणजे ठरावीक विमानाला हाक देणाऱ्या संकेताचे, सूर मिळाले: एकेक सेकंदाच्या दोन जोड्या, प्रत्येक सूर म्हणजे एक अक्षर. पण ध्वनिमुद्रण तपासताना दुसऱ्या जोडीतले एक अक्षर दर वेळी वेगळे निघते. शिवाय एकच संकेत एकाहून अधिक विमानांना दिलेला असू शकतो.

बाहेर मोठा अँटेना उभारणे सध्या शक्य नाही. अशा स्थितीत केवळ वैमानिकाच्या बाजूच्या संभाषणातून, विशेषतः त्या पाच अक्षरी नावांवरून, समोरचे केंद्र मुंबई आहे की दुसरे, हे खात्रीने कसे ओळखावे?