ऑलिव्हिया डी हॅविलंड : १९४३ नंतर ही बाई गेली कुठे?

आळशी_मॅटिनी

मंडळी, एक शंका आहे. रविवारी पाऊस म्हणून घरातच होतो, तर 'द एअरेस' बघितला, १९४९ चा. ऑलिव्हिया डी हॅविलंड मला फक्त 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी म्हणून माहीत, म्हणजे सदा गोड, सोशीक, कुणाबद्दल वाकडा शब्द नाही, खरं सांगायचं तर जरा पकाऊच वाटायची. आणि इथे तीच बाई शेवटी हातात दिवा घेऊन जिना चढत जाते, खाली बंद दाराबाहेर माँटगोमेरी क्लिफ्ट दार बडवतोय, कॅथरीन कॅथरीन म्हणून ओरडतोय, आणि ही वळूनसुद्धा बघत नाही. माझा चहा गार झाला हो.

मग सवयीप्रमाणे पिक्चरची यादी काढली. १९३५ पासून ४३ पर्यंत नुसता धडाका, काही वर्षी तर चार चार पिक्चर. १९४४ कोरं, १९४५ कोरं, आणि मग १९४६ मध्ये एकदम चार! वाटलं लग्न, बाळंतपण असं काही असेल, तर लग्नही ४६ च्या ऑगस्टमधलं. मधली दोन वर्षं कुठे होती ही? युद्धामुळे का? आणि हिचं अजून काय बघू?

सातबारा

युद्ध नाही, कोर्टकचेरी. आणि माझ्या मते या बाईच्या करिअरमधली सगळ्यात महत्त्वाची दोन वर्षं तीच, पडद्यावर एक फूट फिल्म नसताना.

तेव्हाची पद्धत अशी की नट स्टुडिओशी सात वर्षांच्या कराराने बांधलेला. पुढे ठेवायचं की नारळ द्यायचा हे स्टुडिओ ठरवणार, नटाला मात्र सोडून जायची सोय नाही. रोल कुठला ते पण तेच सांगणार. नाही म्हणालात तर सस्पेंड, पगार बंद, आणि खरी गोम पुढे आहे, जितके दिवस सस्पेंड तितके दिवस कराराच्या शेवटी चिकटवायचे. म्हणजे जितका तुम्ही विरोध कराल तितकी तुमची सात वर्षं लांबत जाणार, मारुतीच्या शेपटासारखी.

ऑलिव्हियाचा वॉर्नर ब्रदर्सबरोबरचा करार १९३६ च्या मे महिन्यापासूनचा, म्हणजे मे १९४३ ला संपायला हवा. वॉर्नरवाले म्हणाले, बाई, तुम्ही मध्ये रोल नाकारले होते, पंचवीस आठवडे बाकी आहेत. तिचा वकील मार्टिन गँग, त्याने कॅलिफोर्नियाच्या कायद्यातलं एक जुनं कलम काढलं, की कुठल्याही माणसाला नोकरीच्या करारात सात वर्षांच्या वर अडकवून ठेवता येत नाही. वाद एवढाच की सात वर्षं मोजायची कशी? स्टुडिओ म्हणतो प्रत्यक्ष काम केलेली सात, ही म्हणते भिंतीवरच्या कॅलेंडरची सात. ऑगस्ट ४३ ला दावा लागला, खालच्या कोर्टात ती जिंकली, वॉर्नर अपिलात गेले, तिथे डिसेंबर १९४४ ला परत तीच जिंकली. फेब्रुवारी ४५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातातच घेतलं नाही, विषय संपला. कॅलेंडरचीच सात.

पण तोवर स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर, त्याने बाकीच्या स्टुडिओंना पत्रं धाडलेली की ही अजून आमचीच आहे, काम देऊ नका. म्हणून तुमच्या यादीत ती दोन कोरी वर्षं. त्या काळात ती सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये फिरत होती, पार अलास्काकडची अल्युशियन बेटं, पॅसिफिक वगैरे.

आजही तिकडे हा निकाल 'डी हॅविलंड लॉ' म्हणूनच ओळखतात. २००८ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने नट-गायक जॅरेड लेटोच्या बँडवर ३ कोटी डॉलरचा दावा ठोकला तेव्हा बँडवाल्यांनीही सात वर्षांचाच मुद्दा काढला होता.

बेंचवर_बसलेला

सातबारा काका, हे वाचून अंगावर काटा आला कारण माझ्या पहिल्या कंपनीत सेम टु सेम होतं!! दोन वर्षांचा बाँड, बिनपगारी रजा घेतली की तेवढे दिवस बाँड पुढे. मला कावीळ झाली होती, दीड महिना घरी, तर एचआरवाली म्हणे तुमची रिलीज डेट पण दीड महिना पुढे गेली. मी काय केलं? गप बसलो आणि भरले दिवस. या बाईने सत्तावीस वर्षांची असताना थेट वॉर्नरला कोर्टात खेचलं म्हणजे कमाल आहे.

सातबारा

@बेंचवर, आणि आधीचा अनुभव काही धीर देणारा नव्हता. बेटी डेव्हिस या नटीने १९३६ मध्ये हाच प्रयत्न केलेला, याच वॉर्नरविरुद्ध, इंग्लंडला निघून गेली. केस लंडनच्या कोर्टात चालली आणि ती हरली. हे ऑलिव्हियाला माहीत नसेल असं होणारच नाही, त्याच स्टुडिओत होती की.

अवांतर: आपल्याकडे शांता आपट्यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादावरून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं होतं. तिकडे कोर्ट, इकडे उपोषण, ज्याची त्याची रीत.

तलवारबाज

एक मिनिट. हे सगळं खरं, पण आता धागा असा चाललाय की कोर्टाच्या आधीचं सगळं भंगार. तसं काही नाही हां. एरल फ्लिनबरोबर आठ पिक्चर आहेत तिचे, 'कॅप्टन ब्लड'पासून. 'कॅप्टन ब्लड' आला तेव्हा ती एकोणीस वर्षांची, आणि फ्लिनला तोवर फार कुणी ओळखत नव्हतं. १९३८ च्या 'रॉबिन हूड'मध्ये टेक्निकलरमध्ये काय दिसतात दोघं! आठवा शेवटचा, 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन', त्यात तो लढाईला निघतो आणि ती निरोप देते तो सीन बघा, परत येणार नाही हे दोघांनाही कळलंय आणि दोघंही बोलतायत दुसरंच काहीतरी. तो निघून गेल्यावर ती भिंतीला टेकते. यापुढे ते दोघं कधीच एकत्र आले नाहीत. आता याला भंगार म्हणा.

सातबारा

भंगार नाही म्हणालो. पण त्या आठांत तिला करायला काय होतं सांगा ना. हिरोकडे बघायचं, काळजी करायची, शेवटी मिठी. तुम्ही सांगताय तो निरोपाचा सीन सोन्यासारखा आहे, पण तो दोन तासांच्या पिक्चरमध्ये काही मिनिटांचा. आणि मेलनीसुद्धा वॉर्नरने तिला दिलेली नाही! तो निर्माता सेल्झनिकचा पिक्चर, जॅक वॉर्नर सोडायला तयारच नव्हता, तर ही त्याच्या बायकोला चहाला बोलावून तिच्याकरवी परवानगी काढून आली. 'होल्ड बॅक द डॉन' पण पॅरामाउंटला उसनवारीवर. म्हणजे ऑस्करची पहिली दोन्ही नॉमिनेशन्स परक्या घरात मिळाली.

धाकटी_पाती

आणि त्या दुसऱ्या नॉमिनेशनच्या वेळी ऑस्कर कुणाला मिळालं? तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीला! जोन फॉन्टेन, 'सस्पिशन'साठी. दोघी टोकियोत जन्मलेल्या, सव्वा वर्षाचं अंतर, जन्मभर विस्तव जात नव्हता. आम्ही पण दोघी बहिणी आहोत त्यामुळे मी यावर जास्त बोलत नाही 😄

@आळशी_मॅटिनी, यादीतलं एक दुरुस्त करा. ४६ च्या चारातला 'डिव्होशन' (ब्राँटे बहिणींचा) हा केसच्या आधीच शूट होऊन वॉर्नरच्या कपाटात पडून होता, त्यांनी तो ४६ ला काढला. म्हणजे तिचे नवे तीनच.

काय बघायचं ते सांगते. आधी 'टू ईच हिज ओन', १९४६. लग्नाआधी झालेलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढतंय आणि ही आई असून मावशीसारखी लांबून बघतेय. पोरीपासून पार प्रौढ बाईपर्यंत वय दाखवलंय आणि ते नुसत्या पावडर लावलेल्या केसांवर नाही, तिचा आवाज हळूहळू कोरडा होत जातो. पहिलं ऑस्कर याचंच. मग 'द स्नेक पिट', १९४८, मनोरुग्णालयातली बाई. त्यासाठी ती खऱ्या हॉस्पिटलमध्ये जाऊन पेशंट, उपचार सगळं बघून आली होती. मेकअप नाही, केस विस्कटलेले. सहा वर्षांपूर्वी जॅक वॉर्नरने तिला असं पडद्यावर येऊ दिलं असतं का, नाव नको. त्याचं ऑस्कर मात्र जेन वायमनला गेलं. मग पुढच्या वर्षी 'एअरेस', दुसरं ऑस्कर. आणि तो पिक्चर तिच्याकडे चालत आलेला नाही, न्यूयॉर्कला नाटक बघून तिनेच दिग्दर्शक विल्यम वायलरला गळ घातली. स्वतःचा रोल स्वतः शोधायचा! कराराच्या सात वर्षांत हे स्वप्नात तरी आलं असतं का?

त्यानंतर कमीच केलं. 'माय कझिन रेचल' बघा १९५२ चा, पुढे लग्न करून पॅरिसला गेली आणि तिथेच राहिली, २०२० मध्ये १०४ व्या वर्षी गेली. १०१ ची होता होता परत एका टीव्ही कंपनीवर केस केली होती, सिरीयलमध्ये आपल्याला चुकीचं दाखवलं म्हणून. ती हरली पण खुमखुमी बघा.

बेंचवर_बसलेला

धागाकर्त्याने पहिल्याच परिच्छेदात शेवट फोडलाय याबद्दल कुणीच काही बोलत नाहीये का? मी बघणार होतो हो 'एअरेस' 😭

तलवारबाज

@बेंचवर, तरी बघा. शेवटच्या जिन्याच्या आधी अजून एक जिना आहे. ती पळून जायला बॅग भरून बसलेली असते, तो येत नाही, आणि ती तीच बॅग घेऊन वर खोलीत जाते. किस्सा असा सांगतात की वायलर टेकवर टेक घेत राहिला, काही केल्या पटेना, मग लक्षात आलं की बॅग रिकामीच आहे. मग त्यात पुस्तकं भरायला लावली, चांगली जड केली, आणि परत चढायला लावलं.

घ्या, फ्लिनवाला असून मी पण तुमच्याच बाजूने बोललो.

आळशी_मॅटिनी

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, @बेंचवर सॉरी, पुढच्या वेळी वर सूचना टाकेन.

तलवारबाजांचं वाचून आत्ता परत तो बॅगचा सीन लावला. पहिल्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, या वेळी फक्त बॅगेकडे बघितलं. जड आहे राव. शेवटी दिवा घेऊन चढते तेव्हा मात्र पाय कसे हलके पडतात! हे दोन जिने एकापाठोपाठ एक बघितले तर अख्खा पिक्चर त्यातच आहे. बायकोने विचारलं काय जिनेच बघत बसलायस, तिला पण बसवलं.

पुढच्या रविवारी 'टू ईच हिज ओन'. शेवट कुणी सांगायचा नाही.