मदत हवी आहे: शिपाईकाका गावी गेले, आता ऑफिसातली वरकामं कोणी करायची?

मंडळी, फार वैतागून लिहितेय. मस्जिद बंदरला आमचं कस्टम क्लिअरिंगचं छोटं ऑफिस आहे, शेठ धरून सहा माणसं. मी अकाउंट्स बघते. मे महिन्यात शिपाईकाका कायमचे राजापूरला गेले. शेठ म्हणाले, "दुसरा माणूस बघतो." गणपती येऊन गेले, माणूस काही आला नाही.

तेव्हापासून त्यांची सगळी कामं माझ्या गळ्यात. का, तर माझं टेबल दाराजवळ! कुरियरवर सही मी करायची, चहावाल्याचा हिशेब मी ठेवायचा, एसीखालची बादलीही मीच ओतायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हाक मलाच.

सगळ्यात जीव काढतो तो पाण्याचा जार. २० लिटरचा, म्हणजे नुसतं पाणीच २० किलो. पोऱ्या दारात ठेवून पळतो. बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्याला वरचे दोन मजले बाकी असतात, त्याला मी बोल लावत नाही. पण या महिन्याची २० तारीख ऐका. थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल गोल गोल फिरतंय, एकदाचा ओटीपी आला, आणि आतून आवाज, "अगं, पाणी संपलंय!" चार धडधाकट पुरुष रिकामे ग्लास घेऊन उभे. मी जार उचलला, तोंड नीट बसलं नाही आणि अर्धं पाणी बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाच्या कस्टमच्या कागदांच्या) फायलींवर. पोछाही मीच मारला. तोवर ओटीपीची वेळ संपली.

आणि ते कप! तळाशी साखरेचा थर, त्यात विरघळलेलं बिस्किट, मुंग्यांची रांग थेट माझ्या कीबोर्डपर्यंत. आपला कप आपण विसळला तर काय बिघडतं?

मला कामाची लाज नाही. काकांचं मोल आता कळतंय. पण पगार मला हिशेबाचा मिळतो. शेठ माणूस चांगला आहे, संबंध न बिघडवता त्यांच्याशी कसं बोलू? आणि त्या जारचं काय करू?

प्रतिसाद:
ताई, जार उचलूच नका. त्याच्या तोंडावर बसणारा चार्जिंगचा पंप मिळतो, जार खालीच राहतो. लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात चौकशी करा. नळी मात्र वरचेवर धुवा. शेठना नुसतं "जमत नाही" सांगू नका. आठवडाभर कुठल्या कामात किती मिनिटं गेली ते लिहा आणि तो कागद समोर ठेवा, हिशेबाची भाषा त्यांना लगेच कळेल. शेजारच्या ऑफिसात झाडलोटीला कोणी येत असेल तर तासाभराचं विचारा. फोर्टला आम्ही तीन ऑफिसांनी मिळून एक मावशी ठेवल्यात.

धागाकर्ती:
खूप आभार! वरच्या मजल्यावरच्या मावशींना आजच विचारलं, सकाळी साडेनऊला तासभर जमेल म्हणाल्या. पंप उद्या आणते. कागदावर दोन दिवसांचीच १४० मिनिटं झालीत, सोमवारी शेठसमोर ठेवते. पण मावशी साडेदहाला जाणार, दुपारच्या चहाच्या कपांचं काय करू?