विद्यापीठाचे वेब सर्व्हर धोरण: विभागांना स्वतःचे सर्व्हर चालवू द्यावेत का?

प्रश्न | विज्ञानशाखा

नमस्कार. आमच्या राज्य विद्यापीठाने वेब सर्व्हर आणि संकेतस्थळांवरील मजकूर यांविषयी धोरण ठरवण्यासाठी समिती नेमली असून, विज्ञान शाखेचा अध्यापक म्हणून मी तिच्यात आहे. सध्या मुख्य संकेतस्थळ संगणक केंद्राकडे आहे, पण अनेक विभागांनी आपापले सर्व्हर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवले आहेत, काहींनी बाहेरच्या कंपनीकडून होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्यासाठी भाड्याची जागा) घेतले आहे, आणि जुन्या परिषदांची संकेतस्थळे नेमकी कोणाच्या ताब्यात आहेत हे विभागप्रमुखांनाही सांगता येत नाही. समितीतील एक मत असे आहे की विभागांचे सर्व सर्व्हर बंद करून सगळा मजकूर केंद्रीय सर्व्हरवर आणावा. दुसरे मत असे की त्यामुळे संशोधनाची कामे अडतील आणि साधी सूचना लावायलाही आठवडा लागेल. ज्यांनी असे धोरण प्रत्यक्ष राबवले आहे, त्यांनी मध्यममार्ग कसा काढला? अध्यापकांची वैयक्तिक पाने आणि विद्यार्थी मंडळांची संकेतस्थळे यांचे काय करावे, हेही कळले तर मसुद्याला मदत होईल.

उत्तर | सर्व्हरकक्ष

मी एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो, तरीही सरसकट बंदीला माझा विरोध आहे. बंदी घातली की सर्व्हर नाहीसे होत नाहीत, ते फक्त आपल्या नजरेआड जातात. विभाग बाहेर कुठेतरी स्वस्त होस्टिंग घेतो, त्याचे पैसे एखादा अध्यापक स्वतःच्या खिशातून भरतो, आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून धोरणाचे पहिले कलम नोंदणीचे असावे. विद्यापीठाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाची नोंद संगणक केंद्राकडे हवी. तीत जबाबदार अध्यापक, प्रत्यक्ष देखभाल करणारी व्यक्ती, सर्व्हरचे ठिकाण, त्यावरील प्रणाली व तिची आवृत्ती, आणि नोंदीची मुदत एवढे तरी असावे. मुदत एक वर्षाची ठेवा. दरवर्षी विभागप्रमुखाने नूतनीकरणाच्या अर्जावर सही केली नाही, तर आधी स्मरणपत्र द्यावे आणि नंतर संकेतस्थळ बाहेरच्या जगासाठी बंद करावे, मात्र मजकूर पुसू नये. विद्यार्थी मंडळांनाही हाच नियम लावता येतो. फक्त तिथे जबाबदार व्यक्ती विद्यार्थी न ठेवता मंडळाचा सल्लागार अध्यापक ठेवावा, कारण विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातो.

दुसरी गोष्ट डीएनएसची, म्हणजे कोणते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदींची, आणि इथे मात्र मी पूर्ण केंद्रीकरणाच्या बाजूचा आहे. आपल्याकडे एसी डॉट इन आणि एज्यु डॉट इन ही डोमेन (संकेतस्थळाच्या पत्त्यातली नावे) अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेकडून केवळ शैक्षणिक संस्थांनाच मिळतात, त्यामुळे त्या नावावर शोधयंत्रांचाही विश्वास असतो आणि वाचकांचाही. नेमका हाच विश्वास लुटला जातो. समजा, एका परिषदेसाठी सबडोमेन, म्हणजे विद्यापीठाच्या डोमेनखालचा उपपत्ता, तयार करून ते बाहेरच्या क्लाउड सेवेकडे वळवले. परिषद संपली, क्लाउडचे खाते बंद झाले, पण आपल्या डीएनएसमधली नोंद तशीच राहिली. मग तिसराच कोणी त्या सेवेवर तेच नाव स्वतःकडे घेतो आणि विद्यापीठाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. आपल्या एकाही यंत्रात कोणी शिरलेले नसते, तरी नाव मात्र आपलेच जाते. सबडोमेन देताना ते काढण्याची तारीखही त्याच अर्जात लिहून घ्यावी.

गैरवापराचा दुसरा प्रकार थेट घुसखोरीचा, म्हणजे जुन्या वर्डप्रेसमधून (संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली) किंवा तिच्या न सुधारलेल्या प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअर) होणारा. यात घुसखोराने लपवलेली पाने बहुधा फक्त शोधयंत्राला दाखवली जातात आणि नेहमीच्या वाचकाला जुनेच मुखपृष्ठ दिसते, त्यामुळे विभागातल्या कोणालाही महिनोन्महिने पत्ता लागत नाही. स्वतःच्या डोमेनपुरता गूगलवर शोध घेऊन त्यात सट्टा, कॅसिनो असे शब्द टाकून पाहावेत, आणि हे काम महिन्यातून एकदा कोणाकडे तरी नेमून द्यावे. ज्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली आहे ती इंटरनेटवर उघडी ठेवायची नाही, हे धोरणात स्पष्ट शब्दांत लिहा. सेंटओएस ७ या सर्व्हरच्या कार्यप्रणालीची मुदत जून २०२४ मध्ये संपली आणि संकेतस्थळे ज्या भाषेत लिहितात त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीची नोव्हेंबर २०२२ मध्ये, तरी दोन्ही अजून विभागांमध्ये सापडतात. ज्याला बदलणे शक्य नाही त्याचा सर्व्हर विद्यापीठाच्या अंतर्गत नेटवर्कपुरता ठेवावा.

उत्तर | ग्रंथालय_मराठवाडा

वरील मुद्दे मान्य आहेत, पण मजकुराच्या आयुष्याबद्दल कोणीच बोलत नाही याची मला खंत वाटते. आपली विद्यापीठे संकेतस्थळाचे नवे रूप आणतात आणि त्या दिवशी जुने सगळे दुवे मरतात. याचा सर्वांत मोठा फटका माजी विद्यार्थ्यांना बसतो. जर्मनीत किंवा कॅनडात प्रवेशासाठी अथवा पदवीच्या मूल्यांकनासाठी अर्ज करणाऱ्याकडे त्याच्या काळातला तपशीलवार अभ्यासक्रम मागितला जातो. तो संकेतस्थळावरून गेलेला असतो आणि मग पुण्या-नाशिकमधल्या आईवडिलांना कागदाच्या एका प्रतीसाठी विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अभ्यासक्रम, अध्यादेश, परिपत्रके आणि निकालाच्या अधिसूचना या विद्यापीठाच्या दप्तराचा भाग आहेत. त्यांना कायमचा पत्ता द्यावा, संकेतस्थळाची रचना बदलली तरी जुना पत्ता नव्याकडे वळेल अशी सोय बंधनकारक करावी, आणि बंद होणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाची प्रत ग्रंथालयाकडे सोपवावी. जगातले पहिले संकेतस्थळ सर्न या युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्थेत सुरू झाले. ते त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे करण्यासाठी सर्नला २०१३ मध्ये खास प्रकल्प हाती घ्यावा लागला. जिथे वेबचा जन्म झाला तिथे ही गत, तर आपण किती जपायला हवे!

सरसकट बंदीबद्दल एवढेच म्हणेन की याहूची सुरुवात १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातल्या यंत्रांवर झाली आणि गूगलचे शोधयंत्रही आधी त्याच विद्यापीठाच्या पत्त्यावर चालत होते. प्रयोगाला जागा द्यावी, आणि उपक्रम व्यावसायिक झाला की त्याने विद्यापीठाचे नाव व नेटवर्क सोडावे, एवढी अट पुरेशी आहे. बोलीभाषांचे कोश, हस्तलिखितांच्या सूची, हवामानाच्या नोंदी असे मोलाचे काम आपल्याकडेही विभागांच्या छोट्या सर्व्हरवरच उभे राहते.

उत्तर | कुलसचिव_कार्यालय

प्रशासनाच्या बाजूने काही गोष्टी मांडतो, कारण मसुदा शेवटी व्यवस्थापन परिषदेपुढे जातो आणि तिथे कायद्याचे प्रश्न हमखास विचारले जातात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालींचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात. संकेतस्थळाचे विद्रूपीकरण आणि त्यात बाहेरचे दुवे घुसवणे हे प्रकारही कळवायच्या घटनांच्या यादीत आहेत. त्यामुळे शनिवारी रात्री विभागाच्या सर्व्हरवर काही दिसले तर कोणाला फोन करायचा, आणि कोणाच्याही सहीची वाट न पाहता तो सर्व्हर नेटवर्कपासून तोडण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधीच ठरलेले असावे. आमच्याकडे हा अधिकार संगणक केंद्राच्या प्रमुखाला आहे आणि कारण लेखी देण्याचे बंधनही त्याच्यावरच आहे. मात्र हा अधिकार केवळ तांत्रिक धोक्यापुरता असावा. एखाद्या अध्यापकाच्या पानावरील मतांबद्दल तक्रार आली, तर ती वेगळ्या समितीकडे जावी आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय पान काढू नये. या दोन गोष्टी धोरणात एकाच कलमात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वैयक्तिक माहितीबद्दल आपली विद्यापीठे फार बेफिकीर आहेत. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या याद्या नाव, जात, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकासह पीडीएफ करून लावल्या जातात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दुसरीकडे माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते. दोन्हींचा मेळ घालायचा तर यादीत अर्ज क्रमांक आणि निर्णय एवढेच रकाने ठेवावेत आणि प्रक्रिया संपल्यावर यादी काढून घ्यावी.

आणखी एक: परिपत्रकाची छापील प्रत स्कॅन करून लावू नये. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअर ते चित्र वाचू शकत नाही, आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधला मराठी मजकूरही त्याला अगम्य असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सुगम्य स्वरूपात माहिती देणे ही आपली जबाबदारी आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | विज्ञानशाखा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तांत्रिक कारणासाठी बंद करणे आणि मजकुराबद्दलची तक्रार ही दोन कलमे वेगळी ठेवण्याची सूचना आमच्या मसुद्यात नव्हती. ती मी पुढच्या बैठकीत मांडतो. एक शंका राहते. आमची काही संकेतस्थळे खासगी कंत्राटदाराने बनवली आहेत आणि मूळ फायली तो देत नाही. अशा वेळी धोरणात काय लिहावे?

उत्तर | सर्व्हरकक्ष

धोरणाआधी करारात लिहावे. डोमेन, होस्टिंगचे खाते आणि सर्व मुख्य पासवर्ड विद्यापीठाच्या नावे व पदनामाच्या ईमेलवर असावेत, कंत्राटदाराला फक्त कामापुरता प्रवेश मिळावा. मूळ फायली आणि डेटाबेसची प्रत दर तिमाहीला विद्यापीठाच्या ताब्यात आल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, अशी अट निविदेतच घाला. आलेली प्रत वेगळ्या यंत्रावर चालवून पाहा, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. सध्याच्या कंत्राटदाराबाबत, वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण जवळ आले असेल तर त्याच वेळी ही अट घालता येईल. तोपर्यंत संकेतस्थळावरचा सगळा मजकूर बाहेरून उतरवून ठेवण्याचे काम आजच सुरू करा.