शब्दचर्चा : 'नोम'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : एका बालकथेचा अनुवाद करतेय. आजीच्या बागेत लाल टोकदार टोपी आणि पांढरी दाढी असलेला मातीचा नोम (gnome) उभा असतो. 'बुटका' लिहिलं की नुसता कमी उंचीचा माणूस वाटतो. 'यक्ष' चालेल का? आणि उच्चार नोम की ग्नोम?

प्रतिसाद : इंग्रजीत 'ग' मुका, म्हणून नोम. जर्मनमध्ये ग्नोम, तिथे 'ग' नीट ऐकू येतो. शब्द लोकांच्या तोंडून आलेला नाही, तो पोथीतला आहे. पॅरासेल्सस हा १६व्या शतकातला स्विस वैद्य. पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी या प्रत्येक तत्त्वात राहणारे जीव त्याने कल्पिले आणि पृथ्वीतल्यांना हे नाव दिलं. मासा पाण्यातून जातो तसे हे दगडामातीतून आरपार जातात. या अर्थाला आपला 'गुह्यक' फार जवळचा आहे : कुबेराचे सेवक, गुप्त धनाचे राखणदार. पितळखोऱ्याच्या लेण्यातला तो हसरा, ढेरपोट्या, डोक्यावर पात्र धरलेला यक्षही ठेंगणाच आहे. पण आजच्या मुलाला यक्ष म्हटलं की तळ्याकाठचे प्रश्न आठवतात. त्यामुळे 'यक्ष' नको.

तुमचा बागेतला मात्र वेगळ्या घरचा. जर्मनीत त्याला 'गार्टनझ्वेर्ग' म्हणतात. गार्टन म्हणजे बाग आणि 'झ्वेर्ग' म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीतले तेच सात बुटके! तेही डोंगरात खनिज खणायला जातात. बागेतल्या मूर्तीच्या हातात कुदळ नि कंदील का असतो, ते इथे कळतं. थुरिंगियातल्या ग्रेफेनरोडा गावात १९व्या शतकात अशा भाजलेल्या मातीच्या मूर्ती घडू लागल्या. त्याच शतकात सर चार्ल्स आयशॅम यांनी जर्मनीतून आणून इंग्लंडात आपल्या लॅम्पोर्ट हॉल या वाड्याच्या बागेत मांडल्या. त्यांतली एकच उरली आहे. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात मूर्तींना मज्जाव होता, तो २०१३ साली शताब्दीनिमित्त तेवढ्यापुरता उठवला.

म्हणून माझं मत : 'बुटका'च ठेवा. मराठी मूल या बुटक्यांना आधीपासून ओळखतं, फक्त पहिल्याच उल्लेखात टोपी-दाढी दाखवा. 'बौना' नको, आपल्याकडे तो परका वाटतो.

दुसरा प्रतिसाद : एक भर घालतो. मूळ कथा स्वीडिश असेल आणि तिथे 'टोम्टे' असेल, तर 'बुटका' चुकेल. 'टोम्ट' म्हणजे घराची जागा, वाडी. टोम्टे तिथेच राहतो, गुरंढोरं सांभाळतो. नाताळच्या रात्री त्याला लोणी घातलेली लापशी ठेवतात. ती विसरली की तो रुसतो, गोठ्यात खोड्या करतो. आमच्या मालवणीत याला शब्द शोधावा लागत नाही : जागेवालो, म्हणजे जागेचा राखणदार! त्याची राखण, म्हणजे त्याला द्यायचा मान, चुकली तर घरात काहीतरी बिनसतं, हे लहानपणी आजीकडून कितीदा ऐकलंय. नारळ फोडताना ती आधी त्याला हाक मारायची.

प्रश्नकर्ती : मूळ इंग्रजीच आहे, मूर्ती मातीचीच. पण 'जागेवाला' वाचून अंगावर काटा आला, दुसऱ्या कथेसाठी राखून ठेवते. तूर्त वाक्य असं केलं : 'तुळशीएवढ्या उंचीचा, लाल टोपीचा मातीचा बुटका कंदील धरून आजीच्या गुलाबांपाशी उभा होता.'

प्रतिसाद : 'तुळशीएवढ्या' काढा, इंग्लंडातल्या आजीकडे तुळस कुठली? 'गुडघाभर उंचीचा' करा. बाकी वाक्य छान बसलंय.