मनालीत रॅम्पखाली बर्फ वितळवणारी केबल: लोड कसा कमी करायचा?

हिंगणा_इलेक्ट्रिकल: नागपूरच्या एका मालकाचं मनालीजवळ हॉटेल होत आहे. रस्त्यापासून पोर्चपर्यंतचा रॅम्प २० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५० मिमी आरसीसी. पॅनेल इथूनच बनवून पाठवायचं आहे. ६० चौ.मी.ला ३०० वॅट धरले तर १८ किलोवॅट होतात, तेवढा लोड मालकाला नको आहे. वर हिवाळ्यात तिथलं व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. चौ.मी.ला १५० वॅट टाकून भागेल का? साधा थर्मोस्टॅट चालेल का?

धरमपेठ_४४: भाऊ, वॅट कमी करू नका, क्षेत्र कमी करा. १० सेंमी ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे चौ.मी.ला साधारण १० किलो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे चौ.मी.ला ०.९३ युनिट. ३०० वॅट सगळे बर्फातच गेले तरी तीन तास लागतील, आणि सगळे कधीच जात नाहीत: काही जमिनीत मुरतात, काही वारा नेतो. १५० वॅटमध्ये बर्फ अर्धवट वितळतो आणि रात्री त्याचीच काच होते. ती काच बर्फापेक्षा घातक.

गाडीच्या चाकांपुरते ६० सेंमीचे दोन पट्टे तापवा. क्षेत्र २४ चौ.मी.वर येतं. आता व्होल्टेज: वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं, म्हणून १९० ला २३० च्या फक्त ६८ टक्के मिळतात. ३० वॅट प्रति मीटरची केबल १० सेंमी अंतरावर टाकली तर ३०० चे २०५ च उरतात. अंतर ७.५ सेंमी ठेवा. ४०० धरा, वाईट दिवशी २७० तरी मिळतील. एकूण ९.६ किलोवॅट. पट्ट्यांखाली ५० मिमी एक्सपीएस (दाट फोमची उष्णतारोधक) शीट टाकलीत तर जमिनीत जाणारी उष्णता बरीच वाचते.

सिमेंट_रोड_नागपूर: केबल मरते ती काँक्रीटच्या दिवशी. दर ५ मीटरला काँक्रीटचा जॉइंट धरा आणि दोन जॉइंटमधल्या प्रत्येक तुकड्यातल्या प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र ४० मीटरची केबल, आठ फेरे. अशा आठ केबल होतील. गरम होणारी तार जॉइंट ओलांडणार नाही, ओलांडेल ती फक्त कोल्ड लीड, म्हणजे न तापणारी जोडतार, तीही कंड्यूटमधून (वायरच्या पाइपमधून). गरम आणि थंड तारेचा सांधा मात्र कंड्यूटमध्ये नको, काँक्रीटमध्येच गाडा. नाहीतर तिथे जळतो. फेरे एकमेकांना कुठेही चिकटू देऊ नका. कॉन्स्टंट वॅटेज केबल (ठरलेल्या लांबीला ठरलेले वॅट देणारी) लांबी जास्त झाली म्हणून कापायचीही नाही.

केबल पृष्ठापासून ६० ते ७५ मिमी खाली, जाळीला प्लास्टिक टायने बांधा. तारेने बांधू नका. इथल्या सिमेंट रस्त्यांवर ग्रूव्ह कटर ५० मिमी मारायची सवय मजुरांना असते, म्हणून जॉइंटच्या जागा आधीच रंगाने आखून ठेवा. काँक्रीट दाबून बसवणाऱ्या निडल व्हायब्रेटरचं टोक आणि फावडं केबलला लागता कामा नये. काँक्रीट एम-३० ताकदीपेक्षा कमी नको. २० मिमी खडीच्या काँक्रीटमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास हवेचे बारीक बुडबुडे राहतील असं एअर एन्ट्रेनिंग ॲडमिक्स्चर घाला, नाहीतर गोठण-वितळणीत पापुद्रे सुटतात.

मोजमाप तीनदा: ड्रमवर, बांधून झाल्यावर, ओतताना. १२०० वॅटच्या केबलचा रेझिस्टन्स २३०×२३०÷१२००, म्हणजे ४४ ओहम. सोबत मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारं मीटर. ओततानाच रीडिंग पडलं तर ओलं असतानाच जागा उकरता येते. ड्रमवर गुंडाळलेल्या केबलला सप्लाय देऊन टेस्ट करू नका, इन्सुलेशन वितळतं. काँक्रीटला २८ दिवस झाल्याशिवाय चालूही करू नका.

पॅनेल_बुटीबोरी: साधा थर्मोस्टॅट नको. तो कोरड्या थंडीतही चालू राहतो: रात्रीचे दहा तास, ९६ युनिट, बर्फाचा कण नसताना. तापमान आणि ओलावा दोन्ही ओळखणारा सेन्सर घ्या. त्याचं तोंड तापणाऱ्या पट्ट्यातच, पृष्ठाशी सपाट, जिथे बर्फ खरोखर पडतो तिथे. पोर्चच्या छपराखाली बसवला तर बर्फ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

आठ केबल ३+३+२ अशा तीन फेजवर वाटा. मोठ्या गटाला १५.७ अँपिअर, म्हणून २० अँपिअरचे, ३० मिलीअँपचे तीन आरसीबीओ (ओव्हरलोड आणि गळती दोन्हीला ट्रिप होणारे ब्रेकर). सगळं एकाच आरसीसीबीवर (फक्त गळतीला ट्रिप होणाऱ्या ब्रेकरवर) घेतलं तर गळतीची बेरीज होऊन उगाच ट्रिप होईल.

हिंगणा_इलेक्ट्रिकल: आठ केबल नक्की. पाणी कुठे काढायचं? खाली रस्ता आहे.

धरमपेठ_४४: रॅम्पच्या तळाशी आडवं गटार, आणि त्या गटारातही केबल. ती सोडली तर वरून वितळलेलं पाणी तिथेच गोठतं आणि मागे रॅम्पवर चढतं. गटारापासून निचऱ्याचा पाइप जिथे गोठणपातळीच्या खाली जातो तिथपर्यंत केबल न्या. तिचा लोड ९.६ मध्ये धरलेला नाही, वेगळा धरा. तिला दोन केबलवाल्या फेजवर घ्या.